जन्म लालबागचा, पत्ता संगमेश्वरचा

शेलू आणि वांगणी ही कर्जत लाइनवरची, बदलापूरच्या पुढची दोन स्टेशनं. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने गिरणी कामगारांसाठी तिथे 81 हजार घरांची योजना पुढे केली. तेव्हापासून गिरणगावाशी नातं असलेल्या कितीतरी घरांत एक वाद धुमसतो आहे. सरकारशी असलेला वाद सगळ्यांना माहीत आहे. जुलै 2025 मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले, ‘घर मुंबईतच’ म्हणाले, आणि त्यात पांढऱ्या केसांची माणसं पुढे होती. पण मैदानात जे एकमत दिसतं, ते घरी आल्यावर टिकत नाही. घरी म्हातारी माणसं म्हणतात, डोळे मिटायच्या आत किल्ली हातात येऊ दे, वांगणी तर वांगणी. नाहीतरी आपलं खरं घर गावाला आहेच. मुलं आणि नातवंडं म्हणतात, आमचं काम इथे, आमचं सगळं इथे, दोन तास लोकलने लांब जाऊन आम्ही करायचं काय?

‘आपलं खरं घर गावाला आहे’ या वाक्याशी माझं भांडण आहे. मुंबईत जन्मलेला, मुंबईत शिकलेला, मुंबईत राबणारा माणूस मुंबईचाच आहे. त्याचा या शहरावरचा हक्क त्याच्या स्वतःच्या जन्मावर आणि कष्टावर उभा राहायला हवा. तो कुणाचा तरी वारस आहे एवढ्यावर नाही. हे सरकार मानत नाही, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे आपल्या घरातली वडीलधारी माणसंही मानत नाहीत. पोरांना ‘तू गावचा’ म्हणत म्हणत आपणच त्यांचा इथला दावा दुबळा करून ठेवला आहे.

मी हे गिरणी कामगाराची मुलगी म्हणून लिहिते आहे. वडील गिरणीत विणकामाच्या साचेखात्यात होते. आमचा जन्म लालबागच्या चाळीतल्या खोलीत, आणि शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर ‘मूळ गाव’ या रकान्यात संगमेश्वर तालुका. त्यामुळे गावाची ओढ म्हणजे काय, हे मला कुणी समजावायला नको. मे महिना आला की आजही जीव तिकडे धावतो. पण ओढ आणि हक्क या दोन गोष्टी आपण इतकी वर्षं एकत्र कालवल्या, की आता त्या वेगळ्या करणं भाग आहे.

गाव इतकं घट्ट का धरून ठेवलं गेलं, याचं उत्तर फक्त मायेत सापडत नाही. मुंबईतली पहिली कापड गिरणी 1850 च्या दशकात सुरू झाली, आणि पुढची शंभर वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातून, घाटावरून माणसं येत राहिली. पहिल्या पिढ्यांना जो पगार मिळे, त्यात एका माणसाचं खाणं आणि खोलीतली झोपण्यापुरती जागा भागे. तीही पाळीपाळीने. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. कुटुंब या पगारात बसत नव्हतं. म्हणून बाळंतपण गावाला, आजारपण गावाला, म्हातारपण गावाला. संप झाला, गिरणी बंद पडली, बदली कामगाराला आठवडाभर गेटवरून परत पाठवलं, की पोटाला भात गावचा. गाव हा त्या माणसाचा विमा होता आणि हप्ता त्याची बायको भरत होती. शेत लावत होती, गुरं राखत होती, सासू-सासऱ्यांचं करत होती, महिन्याच्या मनीऑर्डरची वाट बघत होती. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया मोजल्या गेल्या. गिरण्या बंद होऊन तेव्हा एक पिढी उलटली होती, तरीही.

यात फायदा कुणाचा झाला? गिरणीमालकाला कामगाराच्या कुटुंबासाठी घर बांधावं लागलं नाही, त्याच्या म्हातारपणाची सोय करावी लागली नाही. शहरालाही नाही. तो सगळा भार कोकणातल्या भाताच्या खाचरांनी आणि तिथल्या बायकांनी उचलला. ‘चाकरमानी’ म्हणून ज्याचं कौतुक झालं, तो शहराला स्वस्त पडत होता, कारण त्याला गाव होतं. एखाद्या समाजाला शंभर वर्षं ‘तुमचं घर तिकडे आहे’ असं सांगितलं की तोही ते अभिमानाने म्हणू लागतो. माझ्या वडिलांच्या पिढीचा गावाचा अभिमान खोटा नाही. पण तो कुठून आला हे त्यांनी एकदा तपासून पाहावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याची किंमत आता त्यांची नातवंडं मोजताहेत.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपात गाव शेवटचं उपयोगी पडलं. चाळीच्या चाळी रिकाम्या झाल्या, माणसं गावी जाऊन शेतात उतरली आणि तग धरून राहिली. त्यानंतर जे झालं ते सांगायला नको. पगार गेला, मनीऑर्डर थांबली, गावची शेती पडीक पडायला लागली, खोल्या विकून किंवा पागडी घेऊन कुटुंबं नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर, जागा मिळेल तिकडे सरकली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर. फुगला तो ठाणे जिल्हा, 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आमच्या घराण्यांनी शतकभर येरझाऱ्या घातल्या, ती दोन्ही रिकामी होत होती. पोरं जिथे वाढत होती त्या तिसऱ्या ठिकाणाला ‘आपलं’ म्हणायला घरातलं कुणीच तयार नव्हतं.

माझ्या भावाचं घर नालासोपाऱ्यात आहे. वडील त्याच्याकडे असतात. शेलू-वांगणीच्या संमतीचा विषय निघाला त्या रविवारी त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि कागद पलंगावर मांडले: ईएसआयसीचं कार्ड, पगारचिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, कडा झिजलेलं हजेरी कार्ड. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे सिद्ध करायला हे कागद लागतात, म्हणून ते कागद आमच्या घरात दागिन्यांपेक्षा जपले गेले. भावाचा मुलगा चोविशीतला. रोज नालासोपाऱ्याहून लोअर परळला जातो, तिथल्या काचेच्या इमारतीत रात्री उशिरापर्यंत काम करतो. वडील म्हणाले, “घेऊन टाकू. आपण मुंबईत पोट भरायला आलो, राहायला नाही.” तो म्हणाला, “तुम्ही आलात, आजोबा. मी कुठून आलोच नाही. मी इथेच होतो.”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वडिलांनी विषय बदलला आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी राहिली आहे याची आठवण केली. या मुलाने आजवर एकही वर्गणी चुकवलेली नाही. उंबऱ्यामागे जी रक्कम ठरते ती तो बिनबोभाट पाठवतो. शिमग्याला रजा मिळाली नाही तर अपराधी चेहऱ्याने फिरतो. पण ग्रामस्थ मंडळाच्या सभेत त्याला कुणी बोलू देत नाही, ‘वडलांना पाठव’ म्हणतात. गावात तो मुंबईचा पोरगा, मुंबईत घरच्यांच्या लेखी गावचा, आणि सरकारच्या लेखी गिरणी कामगाराच्या वारसाचा वारस. विम्याचा हप्ता त्याच्याकडून घेतला जातो, पण ज्या संकटासाठी तो विमा होता त्या संकटात गाव आता त्याला काहीही देऊ शकत नाही. नोकरी गेली तर संगमेश्वरात त्याच्यासाठी भाताचं खाचर उरलेलं नाही. तिथे रान माजलं आहे आणि माकडं आहेत. तरुण पिढीला गावाबद्दल आस्था नाही, अशी ओरड ऐकली की मला या मुलाचा चेहरा दिसतो आणि राग येतो. त्याने आणखी काय करावं?

महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढायला 15 वर्षांचं वास्तव्य पुरतं. पंधरा वर्षं राहिलेल्याला सरकार महाराष्ट्राचा मानतं. आपण आपल्याच पोटच्या पोरांना चाळीस-चाळीस वर्षं मुंबईचं मानत नाही.

पण तरुणांचंही सगळं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात वर्षातून चार-सहा वेळा कुणीतरी पुतण्या टाकतो, अमुक एजंट गुंठ्याला चांगला भाव देतोय, सामाईक जमीन पडूनच आहे, काढून टाकूया का. लगेच अंगठे उमटतात. त्या जमिनीला लागून जे घर आहे त्यात माझी चुलतकाकू एकटी राहते. पावसाआधी पत्रे ठोकून घेणं, लाइटचं बिल भरणं, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावणं, गणपतीत चाळीस माणसं उतरणार म्हणून महिनाभर आधीपासून घर सारवून-पुसून ठेवणं हे सगळं ती करते. काका गेल्यावर सातबाऱ्यावर तिची वारसनोंद लावायला कुणाला सवड झाली नाही. ती त्या ग्रुपमध्ये नाही, तिच्याकडे साधा फोन आहे. ज्या घराबद्दल मुंबईत बसून भावनेने बोललं जातं आणि मुंबईत बसूनच सौदे ठरतात, ते घर प्रत्यक्षात तिच्या अंगावर उभं आहे. राजापूर तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला तेव्हा बाहेरच्या लोकांनी आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनींचा विषय किती गाजला होता. बाहेरच्याने जमीन घेतली असं आपण म्हणतो, पण ती विकणारा बहुधा आपल्यातलाच, दादर-ठाण्याकडे राहणारा असतो.

म्हणून मी जे मुंबईसाठी म्हणते तेच गावासाठीही म्हणते. जिथे जो राहतो, तिथे त्याचा शब्द आधी. मुंबईत जन्मलेल्या नातवाला वांगणीला पाठवायचं की नाही हे आजोबांनी एकट्याने ठरवू नये, आणि काकूच्या अंगणाचं काय करायचं हे नातवाने ठरवू नये. कागदावरचा हिस्सा हिस्सेदारांकडे राहू दे. पण ती आहे तोवर तिच्या होकाराशिवाय त्या घराचा एक दगड हलता कामा नये, आणि पहिलं काम म्हणजे सातबाऱ्यावर तिचं नाव चढवणं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर मुलींचंही सांगते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतका हक्क मिळाला. वडील त्याआधी गेले असले तरी तो बुडत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी गावोगावच्या घरांत बहिणींना साडी-चोळी करून हक्कसोड पत्रावर सह्या करायला नेण्याची रीत चालूच आहे. गाव आपलं, परंपरा आपली, असं सगळ्यात मोठ्याने बोलणारे भाऊच त्या गावातून बहिणीचं नाव कमी करायला सगळ्यात पुढे असतात. आमच्याकडेही विचारणा झाली. मी सही केलेली नाही. जमीन विकायची म्हणून नव्हे. काकूच्या बाजूने बोलायला कागदावर जागा हवी म्हणून.

आई मात्र या सगळ्या वादात कधीच बोलत नाही, आणि तिला विचारायचंही कुणाला सुचत नाही. ती लग्न होऊन लालबागला आली, मंगळवार-शुक्रवार गणेश गल्लीच्या पलीकडे बाजार करत राहिली, तिथल्या बायकांबरोबर पापड लाटले, संपाच्या वर्षात खाणावळीच्या पोळ्या लाटून घर चालवलं. एकदा मी तिला सरळ विचारलं, तुला गावी जाऊन राहायचंय का. ती म्हणाली, “मी तिथे सून होते. माणूस मी इथे झाले.” वडिलांना जे ‘खरं घर’ वाटतं ते तिच्यासाठी पहाटे विहिरीवर जाण्याचं आणि सगळ्यांच्या शेवटी जेवण्याचं घर होतं. दोन पिढ्यांचा वाद म्हणून आपण जो बघतो, त्यात जुन्या पिढीच्या नावाने बहुतेकदा फक्त पुरुष बोलत असतात.

आता एक गोष्ट, जी आपल्याच माणसांना रुचणार नाही. मुंबईत जन्मलेला तो मुंबईचा, हे मी माझ्या भाच्यासाठी मागते, तर जौनपूरहून आलेल्या टॅक्सीवाल्याच्या, साकीनाक्याला जन्मलेल्या मुलीला ते नाकारायचा मला अधिकार नाही. 1921 च्या जनगणनेत दर शंभर मुंबईकरांपैकी 84 जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. त्या चौऱ्याऐंशींत आमचे आजोबा-पणजोबा होते. तिला ‘गावी जा’ म्हणण्याची मुभा आपण घेतली, तर ‘तुमचं गावाला घर आहे ना’ हे सरकारचं उत्तर आपल्यालाही मुकाट ऐकून घ्यावं लागेल. तिने मराठी शिकावं, मराठीत बोलावं, शाळेत मराठी नीट शिकवली जावी हा आग्रह मी धरते आणि धरत राहीन. पण भाषेचा आग्रह धरायचा तो इथल्या माणसाकडेच धरायचा असतो. आधी तिला इथली मानावं लागतं.

सरकारकडे येते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन हिस्से ठरवले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. परिणाम डोळ्यांसमोर आहे. घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि वारस सुमारे पावणेदोन लाख. 2012 पासून 2020 पर्यंतच्या सोडतींत निघालेली घरं 15,870, त्यातली 2,417 पनवेलजवळच्या कोनमध्ये. उरलेल्यांना शेलू-वांगणी, साडेनऊ लाख रुपये भरून.

मुंबईत जागा नाही, हे उत्तर मला पटत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये त्याच आवारात 500 चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. तिथली माणसं खोली धरून राहिली म्हणून त्यांना घर मिळालं, आणि मिळालं याचा आनंदच आहे. पण त्यांच्या शेजारच्या चाळीतल्या ज्या कामगाराने संपानंतर मुलीच्या लग्नासाठी किंवा बायकोच्या ऑपरेशनसाठी खोली सोडली, त्याचा नातू आज त्याच रस्त्यावर कामाला येतो आणि त्याच्यासाठी सरकारच्या वहीत रकाना नाही. सरकार ताबा बघतं, किंवा वारसाचा दाखला बघतं. इथे जन्मून इथेच काम करणं, याला कुठल्याच योजनेत वजन नाही.

सगळ्यांना मालकीची घरं वाटा, असं माझं म्हणणं नाही. ते होणारही नाही. माझी मागणी भाड्याच्या घरांची आहे. शंभर वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळी सरकारच्या मालकीच्या भाड्याच्या खोल्याच होत्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई गृहनिर्माण मंडळाने औद्योगिक कामगारांसाठी वसाहती बांधल्या त्याही आधी भाड्याच्याच. मग आपण मालकीच्या आणि सोडतीच्या नादी लागलो, आणि घर म्हणजे नशिबाने लागणारी, बापाकडून मुलाला जाणारी वस्तू झाली. एक घर आणि चार वारस असले की भावंडं भांडणार, बाप-लेक भांडणार, हे ठरलेलंच आहे. त्यात संस्कारांचा दोष शोधणं अन्यायाचं आहे. लोअर परळला आठ-दहा तास उभ्या-बसल्या काम करणाऱ्या पोराला तिथून अर्ध्या तासाच्या आत, त्याच्या पगाराला झेपेल अशा भाड्यात खोली मिळाली, तर आजोबांच्या कागदांकडे डोळे लावून बसायची वेळ त्याच्यावर येणार नाही. गिरण्यांच्या जमिनीतला म्हाडाचा जो काही हिस्सा अजून हातात आहे, त्यातला काही भाग यासाठी राखून ठेवावा, आणि पात्रतेच्या अर्जात जन्माचं व कामाचं ठिकाण हे दोन रकाने असावेत.

वडिलांना वांगणीचं घर हवं असेल तर त्यांनी ते जरूर घ्यावं. त्यांच्या कष्टाचं आहे, उशिरा आणि अपुरं मिळतं आहे, आणि ते हवंसं वाटण्यात काहीच गैर नाही. पण त्यांची सही म्हणजे त्यांच्यापुरती सही. आजोबांनी वांगणीचं घर घेतलं म्हणजे नातवाने मुंबई सोडली, असं ना सरकारने धरावं, ना भावकीने.